नॉक झालेल्याला सोडायचं, तर गुणपद्धत बदला

प्रति,
आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समिती,
जिनिव्हा

२०२३ साली तुम्ही ‘फोर्टनाइट’ हा व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांपुढे युद्धाचे चार नियम ठेवलेत. पडलेल्या, प्रतिकार करू न शकणाऱ्या शत्रूवर गोळ्या झाडायच्या नाहीत. जी पात्रं लढत नाहीत त्यांच्या वाटेला जायचं नाही. लोकांची घरंदारं उडवायची नाहीत. औषधपेटी आपल्या-परक्या सगळ्यांसाठी वापरायची. हेतू चांगला होता. पण आमच्याकडच्या कट्ट्यांवर बीजीएमआय हा मोबाइलवरचा लढाईचा खेळ चालतो, आणि तुमचा पहिलाच नियम तिथे दोन मिनिटं टिकणार नाही.

का, ते सांगतो. चौघांच्या स्क्वाडमध्ये गोळ्या लागल्या की गडी लगेच मरत नाही. ‘नॉक’ होतो, रांगत आडोसा शोधतो. सोबती पोचला तर काही सेकंदांत ‘रिव्हाइव्ह’ होऊन पुन्हा बंदूक हातात. म्हणून माइकवर कोणीतरी ओरडतंच, “फिनिश कर, फिनिश!” पोरं क्रूर आहेत म्हणून नव्हे. सोडलेला गडी पुढच्या मिनिटाला आपल्यालाच टिपणार, आणि स्पर्धेत गुण मिळतो तो गडी पुरता संपल्यावर. १९४९च्या जिनिव्हा करारांनी ज्याला वाचवलं तो जखमी सैनिक लढाईतून बाहेर पडलेला असतो. आमचा नॉक झालेला गडी बाहेर पडलेलाच नसतो. त्याला सोडा म्हणजे हरा, असा तुमच्या नियमाचा इथे अर्थ होतो.

याउलट, आमच्या कबड्डीत बाद झालेला गडी रेषेबाहेर बसतो आणि आपल्या संघाने समोरचा गडी टिपला की जिवंत होऊन आत येतो. बाहेर बसलेल्याला कोणी धक्काही मारत नाही. तिथे काही संतमहात्मे खेळत नाहीत. त्याला मारून गुणच मिळत नाही, एवढंच.

खेळाचे नियमच खेळाडूंचं वागणं ठरवतात, हे तुम्हाला ठाऊक नाही असं कसं म्हणू? २०१७ मध्ये बोहिमिया इंटरअ‍ॅक्टिव्हच्या ‘आर्मा ३’ या युद्धखेळासाठी ‘लॉज ऑफ वॉर’ ही पुरवणी तुमच्याच सहकार्याने निघाली. त्यात खेळाडू सुरुंग काढणारा मदत कार्यकर्ता होतो आणि एका उद्ध्वस्त गावात युद्धाच्या खुणा शोधत फिरतो. तिथे नियम भिंतीवरच्या पाटीसारखा लटकत नव्हता, खेळच त्यावर उभा होता. मग नंतर प्रचारमोहिमांकडे का वळलात?

तेव्हा विनंती एकच. खेळाडूंना समजावणं थोडं थांबवा आणि बीजीएमआय बनवणाऱ्या क्राफ्टनशी, स्पर्धा भरवणाऱ्यांशी बोला. नॉक झालेल्याला जवळ जाऊन कैद करण्याची सोय मागा. कैद झालेला त्या डावात परत लढणार नाही, आणि त्याचा गुण गोळी घालून मिळणाऱ्या गुणापेक्षा जास्त असेल. उघड्यावर पळत जाऊन शत्रूला पकडायचं म्हणजे जिवावरचा खेळ. पोरांना तो आवडेल. कैद केलेल्यावर गोळी झाडली तर गुण वजा. सुरुवातीला एखादी छोटी स्पर्धा पुरे. माइकवर “पकड, पकड!” ऐकू यायला एक सीझनही लागणार नाही, असा माझा अंदाज आहे.

आपला,
स्क्वाडमधला चौथा गडी