मॅटाडोर आणि सहस्रकुंड

ढाणकीहून बिटरगावकडे निघालं की पैनगंगा अभयारण्याचं सागवान रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दाटत जातं. पुढे मुरलीजवळ सहस्रकुंड. इथे पैनगंगा काळ्या कातळावरून कोसळते. एका तीरावर विदर्भ, दुसऱ्या तीरावर मराठवाडा.

चार मित्र, जुनी गाडी आणि असा आडरस्ता हे खूळ जगाला लावलं फोक्सवॅगनच्या डबागाडीने. १९५० साली जर्मनीत सुरू झालेलं तिचं उत्पादन ब्राझीलमध्ये २०१३पर्यंत चाललं. मराठी माणसाची डबागाडी मात्र पुण्यातल्या बजाज टेम्पोची मॅटाडोर. तिने वऱ्हाडं नेली, भाजीपाला नेला, देवदर्शनं घडवली. सतरंजी, स्टोव्ह, पिठलं-भाकरीचं गाठोडं: कॅम्परला आणखी काय लागतं?

महाराष्ट्राने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. चांगलंच झालं. पण कोकण, महाबळेश्वर यांच्या गर्दीत सहस्रकुंडाचा हा उमरखेड तालुका कुणाला आठवतो? इथून माहूर गाठावं. तिथे रेणुका, दत्त आणि अनसूया यांची शिखरं वेगवेगळी आहेत, शिवाय किल्ला. जुन्या इंजिनाला माहूरचा घाट दुसऱ्या गिअरमध्येच चढू द्यावा; घाई करणाऱ्या मित्राला मागच्या सीटवर बसवावं.

निघायचं असेल तर श्रावण-भाद्रपदात निघा. उन्हाळ्यात सहस्रकुंडाला धार उरत नाही, नुसता तापलेला कातळ. मुक्काम मात्र गावात करा, अभयारण्यात नाही. आणि स्टेपनीतली हवा ढाणकीतच तपासून घ्या.