सात्यांची सोयरीक

पावसाळ्यात नागभीड, सिंदेवाही, आरमोरीकडच्या बाजारात पानांवर सात्यांचे वाटे मांडलेले दिसतात. भाव चढा असला तरी घेणारे घेतातच. वीज कडाडली की सात्या निघतात, असे वडीलधारी मंडळी सांगतात. पण जिथे सात्या तिथे खाली वारूळ, हे वेचणाऱ्या आयाबायांना कोणत्याही पुस्तकाविना ठाऊक आहे.

वारुळात उधई वाळक्या पाल्याची जाळीदार पोळी रचते आणि तिच्यावर बुरशी वाढवते. उधईची ही शेती सुमारे तीन कोटी वर्षांची, माणसाची जेमतेम दहा-बारा हजारांची! सात्या म्हणजे त्या बुरशीचे फळ.

छत्री उमलली की तिच्या खालच्या पडद्यांतून लाखो बीजाणू झडतात. धानाच्या दाण्यात रोप तयार असते, बीजाणूत तसे नसते. त्यात बहुधा निम्माच वारसा असतो. तो रुजून बारीक धागा होतो, पण एकट्या धाग्याला सहसा छत्री येत नाही. त्याला जोडीदार लागतो. पोर्तुगालच्या माटिल्ड बेन्सॉड या विदुषीने १९१८ च्या सुमारास हे दाखवून दिले. इथे नर-मादी नाही. ढिंगरीत जनुकांचे दोन गट जुळणी ठरवतात आणि दोन्ही गट वेगळे असले तरच सोयरीक जमते. एकाच छत्रीचे बीजाणू आपसात भेटले तर चारांत एकच जोडी जमते, दूरच्या छत्रीचा धागा भेटला तर बहुतेक जमतेच. वाळक्या लाकडावर पंख्यासारख्या उगवणाऱ्या एका पांढुरक्या बुरशीत तर असे वीस हजारांवर प्रकार आहेत. आपल्या वधू-वर मेळाव्यात एवढी स्थळे कधी यायची?

सोयरीक जमली तरी दोघांची केंद्रके लगेच एक होत नाहीत. एकाच पेशीत शेजारी-शेजारी राहून ती धागा वाढवतात. एक होतात ती अखेरीस, छत्रीच्या पडद्यात. आणि लगेच वारशाची नवी वाटणी होऊन बीजाणू तयार होतात.

ढिंगरी लावणाऱ्या बचत गटांच्या भगिनींनी हे ध्यानी ठेवावे. ज्वारी-गव्हाच्या उकडलेल्या दाण्यांवर वाढवलेले जे ‘बी’ पुडीत मिळते, ते बी नव्हेच. ते जमलेल्या जोडीचे धागे आहेत, उसाच्या कांडीसारखे. पुडीतून पुडी, तिच्यातून तिसरी असे करत गेले तर जोम ओसरतो आणि परकी बुरशीही शिरते. जुन्या बेडातले बी वापरून पैसे वाचवा, असे कुणी सांगितले तर तो हिशोब कच्चा समजावा. तणस, पॉलिथिन, पाणी तापवण्याचे सरपण आणि दिवसांची मेहनत पुडीपायी वाया जाते. हिमाचलात सोलन येथे १९८३ मध्ये अळिंबीचे राष्ट्रीय केंद्र निघाले. एकेका बीजाणूचा धागा वेगळा वाढवून, जोड्या लावून नवे वाण काढायचे, हे अशा ठिकाणचे काम. आणखी एक, ढिंगरीच्या कडा वर वळायच्या आत तोडणी करावी. बंद खोलीत बीजाणू उडाले की खोकला आणि दम लागतो.

सात्यांची पुडी मात्र मिळत नाही, कारण उधईविना त्यांची व्यापारी लागवड कोणाला साधलेली नाही. बहुतेक जातींत नव्या वारुळातल्या पहिल्या कामकरी उधई बाहेर येऊन बीजाणू आत नेतात. तिथे जोड्या जमतात. जी जोडी जास्त वाढते तिचीच पेरणी उधईकडून जास्त होते, आणि शेवटी सगळे वारूळ तिच्या एकटीच्या धाग्यांनी भरते.

ते बीजाणू येतात उमललेल्या छत्रीतून, आणि बाजाराला हवी असते मिटलेली कळी. म्हणून आमचे सांगणे असे की, वेचताना दर वारुळावर दोन-चार सात्या उमलू द्याव्यात आणि कळीच्या लोभाने वारुळात कुदळ घालू नये. उमललेल्या सात्यांना तसाही भाव कमीच येतो.