चौकातली तीन मिनिटे

न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअर चौकात दिवसरात्र जाहिरातींचा झगमगाट असतो. तिथे २०१२ पासून एक प्रथा पडली आहे. रात्री ११ वाजून ५७ मिनिटांनी अनेक पडद्यांवरच्या जाहिराती थांबतात आणि मध्यरात्रीपर्यंत एखाद्या कलावंताचा लघुपट किंवा ॲनिमेशन त्या सर्व पडद्यांवर एकदम दिसते. दर महिन्याला कलाकृती बदलते. तिकीट नाही, निमंत्रण नाही. काम आटोपून घरी निघालेलाही तिथे प्रेक्षक होतो.

आपल्याला याचे फार नवल वाटू नये. १९४८ साली मुंबईत सुरू झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे लघुपट मुख्य चित्रपटाआधी दाखवणे चित्रपटगृहांना बंधनकारक होते. बरेचसे प्रचारकी असत. ते संपेपर्यंत बाहेर विडी-चहा उरकणारेही होतेच. पण याच सरकारी संस्थेत, प्रागला ॲनिमेशन शिकून आलेल्या प्रमोद पतींनी १९६८ साली ‘एक्सप्लोरर’ आणि १९७२ साली ‘आबिद’ केला. ‘आबिद’मध्ये चित्रकार आबिद सुरती अख्खी खोली रंगवतात आणि एकेक चौकट टिपण्याच्या तंत्रामुळे हा जिवंत माणूस बाहुल्यासारखा हलतो!

सक्तीने रसिक घडत नाही, हे खरे. पण सारे आवडीवर सोडले तरी घडत नाही. जे कधी पाहिलेच नाही, त्याची आवड लागणार कशी? आज घरातला प्रत्येकजण आपापल्या मोबाइलवर, आपल्याला आवडेल असे यंत्राने ठरवलेले पाहतो. फिल्म्स डिव्हिजनही २०२२ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. अवचित काही वेगळे समोर येण्याची जागा आता उरली ती रस्त्यावर. तिथल्या पडद्यांवर मात्र जाहिराती आणि नेत्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा!

हे पडदे खासगी असतील, पण आपली नजर तर सार्वजनिक आहे. परवाना देतानाच पालिकांनी रोजची तीन मिनिटे कलावंतांसाठी का मागू नयेत? वाहनचालकांचे लक्ष विचलित होईल, ही शंका रास्त आहे; म्हणून सुरुवात उद्यानांत, बसस्थानकांत, रेल्वेच्या फलाटांवर करावी. निवड मात्र अधिकाऱ्यांच्या हाती नको, नाहीतर पुन्हा प्रचारपटच वाट्याला येतील. शंभरातले नव्वद जण गाडीची वाट पाहत मान फिरवतील. उरलेल्या दहांत एखादे पोर आईचा पदर ओढून विचारेल, ‘‘हे कसं केलं गं?’’ तेवढ्यासाठी तीन मिनिटे जास्त नाहीत.