फौजी मामा आणि थर्माकोलचं विमान

मंडळी, गेले तीन शनिवार इथे काही लिहिलं नाही. रिलीज होतं, नेहमीचं रडगाणं. असो. मध्ये दिवाळीला गावी, माहूरला जाऊन आलो. तिथे एक गोष्ट घडली आणि ती डोक्यातून जात नाहीये.

सुरुवात गेल्या दिवाळीपासून करतो. घरी नवीन टीव्ही आला होता, त्याच्या खोक्यातलं थर्माकोल पडलेलं. मी मोठ्या हौसेनं गल्लीतली आठ-दहा पोरं जमवली आणि ब्लेड-फेव्हिकॉल घेऊन हातानं फेकायचं ग्लायडर केलं. पहिल्या चार फेकींत नाक वर, जागेवर थांबलं आणि धपकन खाली. मग नाकात रुपयाचं नाणं खोचलं आणि पाचव्या फेकीला जे तरंगत गेलं ना, पोरांनी गल्ली डोक्यावर घेतली! एकानं विचारलं, "दादा, पंख न हालवता कसं काय उडायलंय हे?" मी त्याला गडाकडे बोट करून घारी दाखवल्या. उन्हानं तापलेल्या खडकावरून हवा वर येते, तिच्यावर स्वार होऊन त्या पंख न हलवता तासभर फिरतात. हे पोरांनी रोज बघितलेलं, पण त्याला कारण असतं हे कुणी सांगितलेलं नाही. मलाही त्या वयात नव्हतं सांगितलं. फोटो काढले, टाकले, भरपूर लाइक मिळाले आणि मी पुण्याला परत.

यंदा गेलो तर ते ग्लायडर एकाच्या घरी माळ्यावर, शेपूट मोडलेलं. म्हटलं, "चिकटवलं का नाही रे?" तर म्हणे, "तुम्ही येणार म्हणून ठिवलं." वर्षभर! पाच मिनिटांच्या कामासाठी. पोरांची काही चूक नाही. मी शिकवलंच नव्हतं, कार्यक्रम केला होता.

तेवढ्यात शेजारचे फौजी मामा आले. सगळी गल्ली त्यांना फौजी म्हणते, पण ते सैन्यात नव्हते, हवाई दलात होते. वीस वर्षं एअरफ्रेम फिटर, त्यातली बरीच एएन-३२ या मालवाहू विमानावर. चाळिशीच्या आत रिटायर झाले, आता एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे असतात. त्यांनी ग्लायडर हातात घेतलं, झाडूच्या काडीचा आधार देऊन शेपूट बसवलं, मग पंखाखाली दोन बोटं धरून तोललं. "शेपूट जड झालं आता. नाकात अजून वजन लागतंय." मी इंजिनियर, डिग्रीवाला, मला हे नाणी खोचून खोचून कळलं होतं! मामा पुढे जे बोलले ते मात्र लागलं. "वीस वर्षं विमानाखाली काढली रे. गावात एकानं विचारलं नाही, विमान कसं उडतं म्हणून. विचारतात ते कॅन्टीनच्या बाटलीचं."

आता माझा मुद्दा. मराठवाड्यात विमान म्हटलं की आपण विमानतळावरच बोलतो. नांदेडला २००८ मध्ये गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीच्या वेळी मोठी धावपट्टी झाली, लातूरलाही आहे, मग सेवा कधी सुरू, कधी बंद, यावर पेपरात रकाने. सव्वाशे किलोमीटरवरच्या माहूरच्या पोराला त्याचं काय?

अमेरिकेत सिव्हिल एअर पेट्रोल म्हणून संघटना आहे. १ डिसेंबर १९४१ ला सुरू झाली, १९४८ पासून तिथल्या हवाई दलाची सहायक. शोध-बचाव, कॅडेट आणि हवाई शिक्षण ही तिची तीन कामं. मुलांना विमानातून फिरवतात वगैरे आहेच, पण मला भावलेली गोष्ट वेगळी. शिकवणारे बहुतेक स्वयंसेवक. दुकानदार, मास्तर, रिटायर झालेले लोक; त्यातले कित्येक वैमानिक नाहीतच. ते दर आठवड्याला येतात, बस्स.

आपल्याकडे एनसीसीची एअर विंग आहे. ते सरकारी काम, पण त्यात एरोमॉडेलिंग शिकवतात आणि सीनियर कॅडेटना मायक्रोलाइट विमानातून नेतात. फक्त महाराष्ट्रात तिच्या स्क्वाड्रनची जुनी ठिकाणं मुंबई, पुणे, नागपूर. २०१६ पासून शाळांना अटल टिंकरिंग लॅबसाठी वीस लाखांपर्यंत अनुदान मिळू लागलं, तेही चांगलंच. पण यंत्र देता येतं हो, माणूस कुठून देणार?

माणूस गल्लीत बसलाय! हवाई दलात एअरमनची पहिली बोली वीस वर्षांची असायची, म्हणजे एकोणिसाव्या वर्षी गेलेला पोरगा एकोणचाळिसाव्या वर्षी गावात परत. अग्निवीरवायूंची पहिली तुकडी २०२२ च्या डिसेंबरअखेर प्रशिक्षणाला गेली, त्यांची मुदत तर चारच वर्षांची आणि कायम होणार जास्तीत जास्त पंचवीस टक्के. बाकीचे पंचविशीच्या आसपास घरी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माजी सैनिकांची नोंद असते. त्यातले हवाई दलाचे वेगळे काढायला काय लागतं? मी एका दुपारात स्क्रिप्ट लिहून देतो, फुकट. :)

यावर मित्र म्हणाला, "त्यानं पोटाला काय मिळणार? पायलट व्हायला लाखो रुपये लागतात." लागतात, खरंय. पायलट करा असं मी म्हणतच नाहीये. नववीतल्या पोराला गुरुत्वमध्य हा शब्द पाठ असतो आणि बोटावर ग्लायडर तोलता येत नाही, माझी तक्रार इतकीच आहे. त्यातून कुणी एअरमनच्या भरतीला गेला, कुणी विमान दुरुस्तीचा कोर्स केला तर उत्तमच.

निघायच्या आदल्या दिवशी मामांना विचारलं. महिन्यातले दोन रविवार द्यायला तयार झाले. थर्माकोल आणि बाल्सा लाकूड मी इथून एसटी पार्सलनं पाठवणार, जागा शाळेचं मैदान. अट एकच घातली त्यांनी, सात म्हणजे सात वाजता यायचं. पहिल्या रविवारी सहा पोरं आली, त्यातली दोन पावणेआठला. त्यांना मामांनी मैदानाला चार चकरा मारायला लावल्या म्हणे. पुढच्या रविवारचं कळलं की लिहितो.