रिपर मिस्त्रीकडे नेण्याआधी टाकी बघा



हलक्या धानाची कापणी तोंडावर आली आहे. दरवर्षी याच दिवसांत यंत्र बँकेचा फोन वाजायला लागतो. "भाऊ, रिपर चालूच होत नाही." "ग्रास कटर दहा मिनिटं चालते अन् बंद पडते." नेहमी आपण सल्ला पाठवतो. आज सल्ल्यासोबत थोडं मतही मांडतो. पटलं नाही तर सभेत उभं राहून सांगा.

मत असं की, आपल्या मशीन कामानं कमी अन् नुसत्या ठेवून जास्त बिघडतात. रिपर वर्षात जेमतेम महिनाभर चालते. बाकीचे महिने कोठ्यात, पोत्याखाली, टाकीत अर्धं पेट्रोल तसंच. मग कापणीच्या दिवशी सकाळी दोरी ओढतो अन् मशीनला शिव्या देतो.

*टाकीत काय होते?*
आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते. आपल्याकडचा पावसाळा अन् अर्धी रिकामी टाकी, म्हणजे ओलीला मोकळी वाटच. ओल जास्त झाली की पाणी अन् इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसते, अन् इंजिन तळातूनच पिते. कार्बोरेटरमधलं पेट्रोल उडून जाते, मागे चिकट थर राहतो. जेटचं भोक केसासारखं बारीक, ते त्यानं बंद होते. यात मशीनचा दोष काहीच नाही.

म्हणून मिस्त्रीकडे नेण्याआधी घरी अर्धा तास द्या. क्रम असाच ठेवा.

*१. आधी साध्या गोष्टी.* स्विच चालू आहे का? पेट्रोलचा कॉक उघडा आहे का? थंड इंजिनला चोक दिला का? हसू नका, यातच किती मशीन "दुरुस्त" होतात.

*२. पेट्रोल.* महिन्याहून जुनं असेल तर काढून टाका, ताजं भरा. कार्बोरेटरच्या खाली निचऱ्याचा स्क्रू असेल तर तो सैल करून वाटीभर सांडू द्या. वाटीत खाली पाण्याचे थेंब दिसले तर रोग सापडला.

*३. हवा.* एअर फिल्टर काढून बघा. धानाचा कोंडा अन् धूळ यानं तो गच्च होतो. स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा, कंपनीच्या पुस्तकात सांगितलं असेल तर थोडं ऑइल लावून पिळा. कागदाचा असेल तर फक्त झटका, धुवू नका.

*४. प्लग.* काढून रंग बघा. ओला असेल तर पेट्रोल जास्त गेलं. पुसा, चोक बंद करा, थोडं थांबून पुन्हा ओढा. बऱ्याचदा ओढूनही कोरडाच असेल तर पेट्रोल पोचत नाही. काळा, काजळी धरलेला असेल तर फिल्टर गच्च आहे किंवा ऑइल जास्त पडलं. ठिणगी बघायची तर प्लग कॅपमध्ये बसवा, रबरी मुठीच्या पकडीनं धरा, त्याचा लोखंडी भाग इंजिनला टेकवा अन् दोरी ओढा. प्लगच्या भोकापासून लांब धरा, तिथून पेट्रोलची वाफ येते अन् ती पेटते.

*५. ऑइल.* रिपरच्या चार स्ट्रोक इंजिनात ऑइल वेगळं असते. मशीन सपाट जागेवर ठेवून कांडी बघा. काही इंजिनांत ऑइल कमी झालं की इंजिन आपोआप बंद पडते. धुऱ्यावर तिरपी झाली की बंद अन् सपाटीवर चालू, असं होत असेल तर ऑइल बघा. ग्रास कटर दोन स्ट्रोकची असेल तर ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं. १:४० असेल तर एका लिटरला २५ मिली, १:५० असेल तर २० मिली. प्रमाण तुमच्या मशीनच्या पुस्तकातलंच घ्या. नुसत्या पेट्रोलवर दोन स्ट्रोक चालवली तर इंजिन जाम होते, अन् तो खर्च मोठा. ज्या घरी दोन्ही मशीन आहेत त्यांनी मिसळलेल्या पेट्रोलच्या डब्याला लाल चिंधी बांधावी.

*काही ओळखीची लक्षणं*
चोकवर चालते, चोक काढला की बंद: जेटमध्ये कचरा.
दहा-पंधरा मिनिटांनी बंद, टाकीचं झाकण सैल केलं की पुन्हा चालू: झाकणातलं हवेचं बारीक भोक बुजलं.
आडवी पाडून ठेवल्यावर पांढरा धूर अन् दोरी जड: ऑइल वर चढलं. जोर लावून ओढू नका, प्लग काढून साफ करा.
हात झिणझिणतात, मशीन थरथरते: पातं वाकलं किंवा नट सैल. ग्रास कटरच्या पात्याचा नट बहुतेक उलट आट्याचा असतो, ध्यानात ठेवा.
रिपर चालते पण धान कापत नाही, ओढते: पट्टा सैल, पातं बोथट किंवा कापणी पट्टीत गवत अडकलं.
लवकर तापते: पंख्याची जाळी बघा. कोठ्यात ठेवलेल्या मशीनमध्ये उंदीर घर करतात अन् वायरही कुरतडतात.

पात्याला हात लावण्याआधी इंजिन बंद करून प्लगची कॅप काढा. दरवेळी. गरम इंजिनवर पेट्रोल ओतू नका.

दोरी एकदम हलकी ओढली जाते, गिअरबॉक्समध्ये आवाज येतो, इंजिन जाम आहे, असं असेल तर घरी खोलू नका. ते मिस्त्रीचं काम आहे अन् त्याचे पैसे त्याला मिळालेच पाहिजेत. पण टाकीतलं पाणी काढायचे पैसे अन् कापणीचे दोन दिवस का द्यायचे?

*आता जंगलाची गोष्ट*
आपल्या बांध्या कुठे आहेत ते तुम्हाला सांगायला नको. मूल, सावली, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, सगळीकडे धान अन् जंगल एकमेकाला लागून आहे. मशीन चालू असली की मागचा आवाज ऐकू येत नाही. मशीन बंद पडली की आपण खाली वाकून, डोकं घालून बसतो. सांजेची वेळ, उभं धान अन् वाकलेला एकटा माणूस. वाघ असलेल्या भागात याहून वाईट काही नाही. म्हणून ठाम सांगतो: दिवस कलला अन् मशीन पडली तर तिथे प्लग खोलत बसू नका. मशीन तिथेच राहू द्या, सोबतीनं घरी या, सकाळी उजाडल्यावर चार जण जाऊन आणा. मशीनची भरपाई करता येते.

*चूक आमचीही आहे*
यंत्र बँकेचा नियम आहे की मशीन बिघडून परत आली तर अनामत कापायची. नियम करताना बरा वाटला होता. झालं असं की लोक बिघाड सांगेनासे झाले. पट्टा चिरला, पातं वाकलं, तरी गुपचूप ठेवून जातात. मागच्या हंगामात आपल्या एका भगिनीच्या नंबरावर असंच न सांगितलेलं रिपर गेलं. बांधीतच पट्टा तुटला. दुसरा मिळून कापणी होईपर्यंत चार दिवस गेले, अन् कडपा वाळायच्या आत पाऊस आला. कडप्यातच धानाला कोंब फुटले. तिनं कोणाची तक्रार केली नाही, पण हिशेब आपण केला पाहिजे.

म्हणून सभेत माझा प्रस्ताव असा:
बिघाड सांगितला तर अनामत कापायची नाही. लपवला तरच कापायची.
मशीन परत देताना टाकी रिकामी, फिल्टर अन् पातं साफ. रखवालदारासमोर.
वहीत तीन गोष्टी लिहायच्या: किती तास चालली, ऑइल कधी बदललं, काय खटकलं.
हंगाम संपला की टाकी रिकामी करून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवायचं, मगच ठेवायचं.
सिंदेवाहीच्या कृषी विज्ञान केंद्राकडे कंपनीनं एक दिवसाचं प्रशिक्षण मागायचं, अन् त्यात बचत गटाच्या बाया आधी. मशीन घरी कोठ्यात असते, तिच्यावर लक्ष त्यांचंच असते.

काही जण म्हणतील, भाडं भरतो, मग साफही आम्हीच करायची का? बरोबर आहे, भाडं भरता. पण कंपनी कोणाची? भागधारक तुम्हीच. आज घाण ठेवलेली मशीन उद्या तुमच्याच चुलत भावाच्या नंबरावर जाते, अन् जड धानाच्या वेळी फिरून तुमच्याकडेच येते.

एवढंच करा: आज संध्याकाळी मशीन अंगणात काढा, जुनं पेट्रोल काढा, ताजं भरून पाच मिनिटं चालवा. नाही चालली तर आजच फोन करा. आज हाताशी वेळ आहे, कापणीच्या दिवशी नसेल.

आपला,
यंत्र बँक सांभाळणारा, मूल
(हा संदेश ज्या सभासदाकडे साधा फोन आहे त्याला वाचून दाखवा.)