विश्लेषण : सापाच्या विषावर सव्वाशे वर्षे जुनाच उतारा का? नवे प्रतिविष कुठवर आले?

खरिपाची पेरणी सुरू झाली की ग्रामीण रुग्णालयांत सर्पदंशाचे रुग्ण वाढू लागतात. देशातील सर्पदंशाच्या मृत्यूंपैकी जवळपास निम्मे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत होतात. हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा केंद्राने मार्च २०२४ मध्ये जाहीर केला. पाठोपाठ नोव्हेंबरमध्ये सर्पदंशाची नोंद बंधनकारक करावी, अशी सूचना राज्यांना केली. मात्र, ज्या औषधावर ही सारी भिस्त आहे, त्याचे तंत्र एकोणिसाव्या शतकातील आहे.

नोंद बंधनकारक करण्याची गरज का भासली?

सरकारी आकडे आणि वास्तव यांत प्रचंड तफावत आहे. २०१६ ते २०२० या काळातील सरकारी नोंदींनुसार दरवर्षी सुमारे तीन लाख सर्पदंश आणि दोन हजार मृत्यू होतात. याउलट घरोघरी जाऊन मृत्यूंची कारणे तपासणाऱ्या ‘मिलियन डेथ स्टडी’नुसार २००० ते २०१९ या काळात दरवर्षी सरासरी ५८ हजार लोक दगावले. बहुतेक मृत्यू रुग्णालयाबाहेर होतात, म्हणून ते नोंदीत येतच नाहीत. जिथे नोंद नाही तिथे औषधाचा साठा किती लागेल, याचा अंदाजही चुकतो. महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून सर्पदंशाने दगावलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला दोन लाख रुपये मिळतात. पण त्यासाठीही मृत्यूचे कारण कागदावर यावे लागते.

प्रतिविष तयार कसे होते?

फ्रेंच वैद्यक आल्बेर काल्मेत यांनी १८९०च्या दशकात ही पद्धत विकसित केली. घोड्याला विषाची अगदी थोडी मात्रा टोचायची आणि ती हळूहळू वाढवत न्यायची. घोड्याच्या शरीरात विषाला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे तयार होतात. मग त्याचे थोडे रक्त काढून त्यातील प्रतिपिंडे शुद्ध करायची. शुद्धीकरण सुधारले, पण गाभा आजही तोच आहे. भारतातील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांवर एकत्रितपणे काम करते. त्यासाठी लागणारे बहुतांश विष चेन्नईजवळील इरुला आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येते. ही संस्था १९७८ मध्ये स्थापन झाली.

एका रुग्णाला इतक्या कुप्या का लागतात?

हिशेब साधा आहे. प्रमाणानुसार एक मिलिलिटर प्रतिविष घोणसीचे ०.६ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करते. म्हणजे १० मिलिलिटरच्या एका कुपीने सहा मिलिग्रॅम विष निष्प्रभ होते. घोणस एका दंशात सरासरी ६० मिलिग्रॅमच्या आसपास विष सोडते. म्हणून सुरुवातच आठ ते दहा कुप्यांनी करावी लागते. त्यात ही प्रथिने घोड्याची असल्याने काही रुग्णांना तीव्र अॅलर्जी होते, रक्तदाब कोसळतो, श्वास अडकतो. या भीतीने अनेक ठिकाणी प्राथमिक आरोग्य केंद्रातून रुग्णाला थेट जिल्हा रुग्णालयात पाठवले जाते आणि मोलाचा वेळ वाटेतच जातो.

एकच औषध देशभर सारखे चालते का?

नाही. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशानुसार बदलते. बेंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेतील कार्तिक सुनगर यांच्या प्रयोगशाळेने हे सातत्याने दाखवून दिले आहे. विष प्रामुख्याने दक्षिणेतील सापांचे असल्याने अन्य भागांतील काही सापांवर औषध कमी पडते. शिवाय पश्चिम घाटातील चापडा किंवा ईशान्येतील काही विषारी साप या चौकडीत नाहीतच. मण्यारीचा प्रश्न आणखी वेगळा. तिचे विष मज्जातंतूंच्या टोकांनाच इजा करते. एकदा ही इजा झाली, की प्रतिविष ती उलटवू शकत नाही. मग रुग्ण श्वास घेऊ लागेपर्यंत व्हेंटिलेटर हाच आधार.

नवे संशोधन काय सांगते?

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील स्क्रिप्स संस्था आणि भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी प्रयोगशाळेत घडवलेले मानवी प्रतिपिंड मांडले. ते नाग-मण्यार गटातील एका प्रमुख विषघटकावर काम करते. जानेवारी २०२५ मध्ये नोबेल विजेते डेव्हिड बेकर आणि सहकाऱ्यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने रचलेल्या प्रथिनांनी उंदरांचा जीव वाचवला. मे २०२५ मध्ये टिम फ्रीडी या अमेरिकी माणसाच्या रक्तातील प्रतिपिंडांपासून एक मिश्रण तयार झाले. फ्रीडी यांनी अनेक वर्षे स्वतःला विष टोचून घेतले होते. हे मिश्रण उंदरांमध्ये १९ जातींच्या विषावर पूर्ण किंवा अंशतः प्रभावी ठरले. त्यातील व्हरेसप्लॅडिब या रसायनाची गोळीही बनवता येते आणि तिच्या मानवी चाचण्या भारतातही झाल्या आहेत.

पण या तिन्ही प्रयोगांचा रोख नाग-मण्यार गटावर आहे. भारतात सर्वाधिक दंश करणाऱ्यांत मोडणारी घोणस आणि फुरसे यांचे विष रक्त गोठण्याची प्रक्रिया बिघडवते, ते वेगळे आहे. उंदरापासून माणसापर्यंतचा प्रवास लांबचा. आणि ज्याला हा दंश होतो तो बहुधा शेतकरी वा शेतमजूर असल्याने, औषध त्याला परवडेल का, हा प्रश्न उरतोच.

तोवर काय करता येईल?

घोड्याचे प्रतिविष सदोष असले, तरी वेळेत मिळाले तर आजही तेच जीव वाचवते. त्यामुळे तालुक्याच्या पातळीवर साठा, ते देण्याचे प्रशिक्षण आणि रुग्णवाहिका यांवर भर देणे सर्वांत फायद्याचे. दंश झाल्यास घट्ट दोरी बांधू नये, जखम कापू वा चोखू नये, मांत्रिकाकडे वेळ दवडू नये. दंश झालेला हात-पाय न हलवता रुग्णाला रुग्णालयात न्यावे. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावते आणि अनेकदा दंश जाणवतही नाही. पहाटे पोटात दुखणे, पापण्या जड होणे ही तिची खूण असू शकते. खाटेवर, मच्छरदाणी नीट खोचून झोपणे आणि रात्री बॅटरी घेऊनच शेतात जाणे, ही खबरदारी कोणत्याही नव्या औषधाची वाट न पाहता आजपासून घेता येते.