बीटी कपाशीतही गुलाबी बोंडअळी का येते?

कापूस उत्पादकांची झोप उडवणारी गुलाबी बोंडअळी ही एका करड्या-तपकिरी पतंगाची अळी. हा पतंग जेमतेम एक सेंटिमीटरचा. दिवसा दडून राहतो, रात्री फिरतो, त्यामुळे शेतात सहसा दिसत नाही. दिसते ते अळीने केलेले नुकसान, आणि तेही उशिरा.

मादी पात्या, फुले आणि हिरव्या बोंडांवर अंडी घालते. चार-पाच दिवसांत अळी बाहेर येते आणि थेट आत शिरते. फूल पोखरले की पाकळ्या चिकटून ते उमलत नाही. यालाच डोमकळी म्हणतात. बोंडात शिरली तर छिद्र बुजते आणि अळी आतली सरकी खाते. बोंड बाहेरून धडधाकट दिसते आणि फवारणी अळीपर्यंत पोहोचत नाही. २००२ मध्ये आलेल्या बीटी कपाशीचे मोल यातच होते, कारण तिचे विष झाडाच्या आतच असते.

मग बिघडले कुठे?

हिरवी बोंडअळी तूर, हरभरा, टोमॅटोवरही जगते. गुलाबी अळीची भिस्त मात्र जवळजवळ पूर्णपणे कपाशीवर. शिवारभर बीटीच असेल तर प्रत्येक पिढीची गाठ त्याच विषाशी पडते आणि जी अळी तगते तिचीच पैदास वाढते. हे टाळण्यासाठी बांधाकडेने बिगर-बीटी कपाशी लावायची होती. त्या बियाण्याची पुडी सोबत मिळायची, पण अनेकांनी ती पेरलीच नाही. २०१० मध्ये गुजरातेत पहिल्या बीटी जनुकाला अळी दाद देत नसल्याचे जाहीर झाले. पुढे दोन जनुकांचे वाणही तिच्यापुढे निष्प्रभ ठरले. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्राने त्याचा फटका सोसला.

हंगाम संपताना ही अळी सरकीत, पऱ्हाटीवरच्या वाळक्या बोंडांत सुप्तावस्थेत जाते. म्हणून डिसेंबरअखेर कपाशी उपटा, फरदड घेऊ नका, असा कृषी विभागाचा सल्ला असतो. सल्ला बरोबरच आहे. पण ज्याचा खर्च आधीच होऊन गेला, त्याला एका पाण्यावर आणखी एक वेचणी मिळत असेल तर ती सोडणे सोपे नाही. शिवाय एकट्याने पऱ्हाटी उपटून भागत नाही, शेजारच्या फरदडीतले पतंग येतातच.

अमेरिका २०१८ मध्ये या किडीपासून मुक्त घोषित झाली. तिथे बीटीच्या जोडीला वांझ केलेले पतंग सोडले गेले, कामगंधाचा वापर झाला आणि पिकाचे अवशेष नष्ट करण्याचे नियम पाळले गेले, तेही अख्ख्या पट्ट्यात एकाच वेळी. आपल्याकडे लहान जमिनी आणि दीर्घ मुदतीचे संकरित वाण यामुळे तशी एकजूट अवघड जाते. तोवर हाताशी आहेत कामगंध सापळे: सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग अडकले, की फवारणीची वेळ झाली.